काटा सत्तरच्या वर

इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय शिवगंगा तोंडात पाण्याचा थेंब घालत नसे. जळकोटचं घर नवऱ्यावर सोपवून, लेकीच्या शिक्षणासाठी लातूरला खोली करून राहिली तरी तिने त्यात खंड पडू दिला नव्हता. खोली एवढीशी. एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्यात तनुजाचं टेबल, मधल्या भिंतीशी पूजेची चटई. पहाटे अंघोळ उरकायची, विभूती लावून डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसायचं, मग लेकीचा डबा. डबा झाला की घरमालकिणीच्या कुंपणाची जास्वंदीची फुलं पदरात घ्यायची आणि क्लासकडे निघायचं. ही फुलं देवाची नव्हेत. ती टॉपरची.

टॉपर म्हणजे इग्वाना. सुदर्शन सरांनी पुण्याहून आणलेला हिरवागार सरडा, शेपटीसकट हाताएवढा लांब. प्रवेशाची चौकशी करायला पालक जिथे बसत, तिथे त्याची मोठी काचेची पेटी होती. वर जाळीचं झाकण, आत आडवी फांदी, उबेसाठी दिवा आणि काचेला आतून चिकटवलेलं एक गोल मीटर. हवेत ओल किती आहे ते त्या मीटरवर दिसायचं. साऱ्या लातुरात दुसऱ्या कुठल्या क्लासकडे असलं काही नव्हतं. रस्त्यावरच्या फ्लेक्सवर डॉक्टरकीला लागलेल्या मुलांच्या रांगेत, एका कोपऱ्यात, त्याचाही फोटो होता. येणारेजाणारे त्याला घोरपडच म्हणत.

सुदर्शन सर शिवगंगाच्या माहेरचे. भूकंपात गाव गेलं तेव्हा ती अठराची आणि तो तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तिची आई गेली, त्याचं सगळं घर गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये दोघं शेजारी वाढले. ती भाकरी थापायची आणि तो चुलीच्या उजेडात पाढे म्हणायचा. तेव्हापासून तो तिला अक्का म्हणे. पुढे तो लातुरात शिकला, शिकवायला लागला, आणि बघता बघता तीन मजली क्लासचा मालक झाला. चारचौघांत ती त्याला सर म्हणे.

बारावीच्या तुकड्या पाडल्या तेव्हा तनुजा विशेष तुकडीत थोडक्यात हुकली. विशेष तुकडी वरच्या मजल्यावर. तिथे सर स्वतः शिकवत, एकेकाची वही बघत. बाकीच्यांना खालचा मोठा हॉल आणि माईक. डॉक्टर व्हायचं तर वरूनच, हे रिक्षावाल्यालाही ठाऊक होतं. शिवगंगा सरांच्या केबिनमध्ये जाऊन नुसती उभी राहिली. मागायचं कसं ते तिला कधी जमलंच नाही.

"अक्का, नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. मग जरा थांबून, "पण एक काम हाय. आमच्या टॉपरला भरवशाचं माणूस न्हाई. पोरं चार दिवस बघतेत न् सोडून देतेत. तुम्ही बघा त्याला. तनुजाची जागा माझ्याकडं लागली."

"सरपटणारं जनावर ते. त्याला खायला काय, उंदीर?"

"कशाचे उंदीर! पाला खातंय. शुद्ध शाकाहारी. तुमच्यापेक्षा सोवळं."

त्याने एखादी अळी जरी खाल्ली असती तरी शिवगंगाने हात जोडले असते. पण पाला खाणाऱ्या जिवाला नाही कसं म्हणायचं? तनुजा वर गेली आणि शिवगंगा पेटीशी बसली.

सरांनी एकच नियम सांगितला होता. काटा सत्तरच्या खाली जाता कामा नये. हे जनावर पावसाच्या रानातलं, त्याला हवेत ओल लागते. हवा कोरडी झाली की कात नीट सुटत नाही, बोटांभोवती दोऱ्यासारखी आवळून बसते आणि बोट वाळून जातं. शिवगंगा फवारा मारायला शिकली. नारळाचा काथ्या भिजवून पिळून तळाला अंथरायला शिकली. कातीचे तुकडे अडकले की कोमट पाण्याच्या टोपात त्याला धरून बसे. पाणी डोक्यावरून ओघळलं की तो डोळे मिटून घेई. पहिल्या दिवशी तिने पदराने हात झाकून त्याला धरलं होतं. दिवाळीपर्यंत तो आपणहून तिच्या मनगटावर चढू लागला.

त्याला एक खोड होती. तो शिंकायचा आणि शिंकेतून मीठ उडायचं. काचेवर पांढरे ठिपके पडत.

"बघा बघा," दारावरचे खाजामियाँ म्हणायचे, "तुमचा चेला विभूती लावून राहिला काचेला! अक्का, याला एक लिंग बांधून टाका गळ्यात."

"काहीतरीच बोलता चाचा."

"का? पाला खातो, नहाता धोता है, खोटं बोलत न्हाई. या बिल्डिंगमध्ये अजून कोण हाय असा?"

शिवगंगा हसायची. त्या इमारतीत ती हसे ती एवढ्याच जागेत.

कारण तनुजा तिच्याशी तिथे बोलत नसे. जिन्याने वर जाताना ती मान वळवून भिंतीवरचे फोटो बघत जाई. मुलींना कळलं होतं. लेकीला त्या घोरपड कोट्यातली म्हणत. खालच्या हॉलमध्ये कशिश नावाची नांदेडची मुलगी होती. निवड परीक्षेत तिला तनुजापेक्षा एक मार्क जास्त होता. एकदा ती पेटीपाशी आली, टॉपरकडे बघत उभी राहिली आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "काकू, याला एखादी बहीण न्हाई का? मलाबी एक जागा पाहिजे होती."

शिवगंगाने हातातलं फूल तिच्यापुढे केलं, "तू देतीस का त्याला?" कशिशने फूल घेतलं, टॉपरला भरवलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग येतच राहिली.

माघ सरला आणि काटा उतरायला लागला. साठ, पन्नास. फवारा मारावा, काटा चढावा, आणि शिवगंगा हात पुसेपर्यंत उतरावा. मार्चमध्ये क्लासची बोअर आटली. नळ तर केव्हाचेच कोरडे. टँकर आला की गल्लीत भांडणं. पाण्याच्या टाक्यांपाशी पोलीस बसले. एप्रिलात रेल्वेने पाणी यायला लागलं आणि लातूरचं नाव देशभर झालं. हॉस्टेलच्या मुली कळशा घेऊन तीन गल्ल्या पलीकडे रांगेत उभ्या राहत, तिथेच पुस्तक वाचत.

"साहेबांची अंघोळ झाली का अक्का?" खाजामियाँ टॉपरकडे बोट करून विचारत. "आमची तर सोमवारपासून न्हाई."

शिवगंगा स्वतः ओल्या फडक्याने अंग पुसून पूजेला बसत होती. अभिषेकाला पळीभर पाणी, तेही वाटीत धरून ती काथ्यावर शिंपडण्यासाठी घेऊन यायची. सरांसाठी टँकर येई, त्यातलं पाणी फवाऱ्यात भरलेलं असे, पण ती हात राखून वापरे. तरी व्हायचं ते झालंच. कुणीतरी व्हिडिओ काढला. एका बाजूला टॉपरवर उडणारा बारीक फवारा, दुसऱ्या बाजूला दारातून कळशी घेऊन येणारी, घामाने निथळणारी पोरगी. दुपारपर्यंत तो सगळ्या पालकांच्या मोबाइलवर होता.

सर संध्याकाळी आले ते जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टीचं बंडल घेऊनच.

"फवारा बंद," ते म्हणाले. "पाणी वर उडून जातंय म्हणून पुन्हा पुन्हा मारावं लागतंय. जाळीवरून प्लास्टिक लावून टाकू. आतली ओल आतच ऱ्हाईल."

"हवा, सर? आत हवा कुठून जाईल?"

"पेटी केवढी मोठी हाय, अक्का. सरड्याला किती हवा लागती? दिवा बंद ठेवा. तसाच उन्हाळा हाय."

त्यांनी स्वतः पट्टी लावली, चारी कडांनी, कुठे फट राहू दिली नाही. शेवटचा एक फवारा मारून कोपरा बंद केला. काटा चढला तो पंच्याऐंशीवर जाऊन थांबला आणि दुसऱ्या सकाळीही तिथेच होता. सरांनी आल्या आल्या मीटरचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, थेंबभरही पाणी न वापरता. लोकांनी अंगठे पाठवले. एका पालकाने लिहिलं, याला म्हणतात विज्ञान.

"बघितलं का अक्का? डोकं लावलं की पाणी लागत न्हाई."

आठवड्याभरात पेटीला वास यायला लागला. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की येतो तसा. फांदीच्या खालच्या अंगाला काळी बुरशी धरली. टॉपर फांदीवरून खाली उतरला तो परत चढलाच नाही. मान वर करून, तोंड उघडं टाकून बसून राही. मुली म्हणत, अय्या, हसतोय बघ, आणि त्याच्यासोबत फोटो काढत. जास्वंदीचं फूल त्याच्या पुढ्यात तसंच पडून सुकायचं. ते सुकतही नसे, कुजायचं. मग शिवगंगाला त्याच्या नाकपुडीशी बारीक बुडबुडे दिसले.

ती केबिनमध्ये गेली. "सर, त्याला श्वास लागलाय."

"काटा किती हाय?"

"पंच्याऐंशी."

"मग?"

"तोंड उघडं टाकून बसतोय. नाकाला फेस येतोय. तुम्ही दर आठवड्याला नांदेडला जाता. तिथं एक डॉक्टर पक्षी, कासवं बघतेत म्हणं. कशिश सांगत होती. गाडीत घेऊन गेलात तर…"

"नांदेडची शाखा उघडतोय आपण पुढच्या रविवारी. उद्घाटनाला त्याला नेणारच हाय, पेटीसकट. तेव्हाच दाखवू की."

शिवगंगा जागची हलली नाही. तिचा आवाज मुळात लहान, त्या दिवशी आणखीनच आत गेला. "सुदर्शन, ढिगाऱ्याखालून माणसं काढली होती आपल्या गावात. आठवतंय का? धूळ छातीत गेलेली. त्यांची तोंडं अशीच उघडी होती. माझी आई अशीच…"

सरांनी दाराकडे बघितलं. बाहेर पालक बसले होते. "अक्का, हा विषय क्लासात न्हाई काढायचा. सप्टेंबरात आपला श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतोय, तेव्हा बोला. माईक देतो तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली आणि एका कोपऱ्याची पट्टी नखाने उचलली. आतून कोंडलेला वास बाहेर आला. टॉपरने मान वळवून त्या फटीकडे नाक केलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. सर येण्याआधी तिने पट्टी परत दाबली. असं ती रोज करू लागली. खाजामियाँ रस्त्याकडे लक्ष ठेवत. सरांची गाडी वळली की खाकरत.

एका सकाळी सर गाडी न घेता मागच्या दाराने आले.

"अक्का, हे काय?"

तिच्या बोटाला पट्टी चिकटलेली होती.

सर मीटरपाशी वाकले. "चाळीस! अक्का, चाळीस मार्कांवर कुणी डॉक्टर होतंय का?" ऑफिसातली पोरं हसली. सरही हसले. मग जवळ येऊन हळू, घरच्यासारखं बोलले, "तनुजाची परवाची टेस्ट बघितली मी. लई घसरली. वरच्या तुकडीत बसायच्या लायकीची न्हाई. मी काय बोललो का कुणाला? परीक्षा पंधरवड्यावर आली, आता खाली बसवलं तर पोरगी मोडून जाईल. तुम्ही तुमचं बघा, मी माझं बघतो."

शिवगंगाने पट्टी लावली. चिकटेना, म्हणून नवीन तुकडा तोडून लावला, आणि कोपरा तळहाताने घासून घासून बसवला. टॉपर आतून तिच्या हाताकडे बघत होता. निदान तिला तसं वाटलं.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी तो मेला. फांदीखाली पालथा पडला होता, हिरवा रंग जाऊन राखेसारखा झालेला. काटा पंच्याऐंशीवर होता.

खाजामियाँनी त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळून इमारतीमागे पुरलं. मातीत पहार घुसेना, इतकी ती कोरडी झाली होती. त्यांनी काही गंमत केली नाही. आत येऊन एवढंच म्हणाले, "अक्का, तुम्ही घरी जावा."

पण ती घरी गेली नाही, कारण सरांनी बोलावलं होतं. बातमी पसरली होती. एका बापाने ग्रुपवर लिहिलं होतं, जे एक जनावर सांभाळू शकले नाहीत ते आमची मुलं काय सांभाळणार. नांदेडहून फोन येत होते. दुपारी पालकांची सभा होती.

"अक्का, तुम्ही एवढंच बोला," सर म्हणाले. "मी रोज पूजेचं पाणी त्याच्यावर घालत होते. तीर्थ म्हणून. गार पाणी बाधलं."

"मी त्याच्यावर घातलं न्हाई, सुदर्शन. काथ्यावर शिंपडत होते, तेबी पट्टी लावायच्या आधी."

"मला माहीत हाय की." त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली, ती बसली नाही. "मी चुकलो म्हणलं तर क्लास जातोय. दोनशे पोरांची परीक्षा तोंडावर. तुम्ही म्हणलात तर लोक दोन मिनिटांत विसरतेत. देवभोळी बाई, कोण रागावणार तुमच्यावर? न् तनुजा वरच ऱ्हाईल. शब्द हाय माझा."

दीक्षा घेतली तेव्हा गुरूंनी तिच्याकडून खोटं न बोलण्याचं वदवून घेतलं होतं. लहान होती, पाठ केल्यासारखं बोलली होती. पण पुढे भाजीवालीपाशीसुद्धा, पलीकडे स्वस्त मिळतंय, असं खोटं तिच्या तोंडून निघालं नाही. घरचे त्यावरून तिची चेष्टा करत.

सभेला वरची-खालची सगळी मुलं बसवली होती. विशेष तुकडी पुढच्या रांगेत. तनुजा दुसरी की तिसरी होती. सरांनी माईक हातात दिला तेव्हा शिवगंगाने तो तोंडापासून लांब धरला.

"माझ्या हातून झालं," ती म्हणाली. "मी तीर्थ घालत होते त्याच्यावर. रोज. गार पाणी. मला कळलं न्हाई."

मागून कुणीतरी ओरडलं, "जोरात बोला, ऐकू येईना."

तिला ते पुन्हा सांगावं लागलं.

लोकांना लगेच पटलं. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे असलेली बाई, दुसरं काय करणार? "दूधबी घातलं असंल एखाद्या सोमवारी," एक जण म्हणाला आणि हॉल हसला. पुढे बसलेल्या बाई शेजारणीला सांगत होत्या की भक्ती चांगली, पण जरा शिकलेलं माणूस ठेवायला पाहिजे होतं. सर मान खाली घालून उभे होते, मोठ्या मनाच्या माणसासारखे.

तेवढ्यात कशिश उठली. "काकू, पण त्या पेटीवर तर प्लास्टिक लावलं होतं ना? सरांनीच…"

सरांनी कशिशकडे बघितलं नाही. ते शिवगंगाकडे बघत होते.

"न्हाई बाळा," शिवगंगा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "त्याचं काही न्हाई. माझीच चूक हाय. तू खाली बस."

कशिश खाली बसली. ती पुन्हा शिवगंगाकडे बघायला म्हणून वळलीच नाही.

खोलीवर आल्यावर तनुजाने दप्तर खाटेवर टाकलं.

"तुला कुणी सांगितलं होतं तीर्थ घालायला? जनावर होतं ते, मम्मी, देव न्हाई! वर्षभर घोरपडवाली म्हणून ऐकून घेतलं मी. आता तीर्थवाली. आज तर सगळे माझ्याकडं बघून हसत होते."

शिवगंगा गॅसपाशी बसली होती. भाजी चिरायला घेतलेली तशीच होती. खरं काय ते आत्ता सांगावं, असं एकदा तिच्या ओठांवर आलं. पण उद्या सकाळी वर टेस्ट होती. हे ऐकून पोरगी उठून सरांच्या केबिनमध्ये गेली तर? किंवा गेलीच नाही तर? या दुसऱ्या प्रश्नाची तिला जास्त भीती वाटली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"परीक्षा होईपर्यंत क्लासकडं येऊ नको. डबा मी नेईन."

"बरं."

तनुजाने पुस्तक उघडलं, पेनचं टोपण दातात धरलं. दोन पानं उलटली. मग मान न वळवताच विचारलं, "पण माझी जागा? ती ऱ्हायली ना वर?"

"ऱ्हायली."

"मग ठीक हाय," तनुजा म्हणाली आणि वाचू लागली.

परीक्षा झाली की सगळं सांगायचं, असं शिवगंगाने सभेत उभ्या उभ्या ठरवलं होतं. त्याच बळावर तिने दुसऱ्यांदा ते वाक्य म्हटलं होतं. आता तिने खाली बघून भेंडी चिरायला घेतली. सांगायला परीक्षेनंतर वेळ होता पुष्कळ. विचारणारं मात्र घरात कुणी नव्हतं.